तक्तपोशीवरची लोकर

फाल्गुन संपत आला की आमच्या जिंतूरच्या घरात दुपारच्या वेळी तापलेल्या सागवानाचा वास पसरू लागतो. कोरडा, किंचित तुरट, वर्षानुवर्षे मिटून ठेवलेल्या पेटीचे झाकण उघडावे तसा. तो अंगणातून येत नाही, भिंतींतून येत नाही. वरच्या तक्तपोशीच्या फळ्यांतून सावकाश पाझरतो, आणि त्याच्या मागोमाग उष्मा खोलीत उतरतो. बाहेरच्या उन्हाला निदान चेहरा असतो. ते पांढरे असते, झळांनी थरथरते, उंबऱ्याशी येऊन थबकते. या उतरणाऱ्या उष्म्याला रूप नाही. तो नुसता अंगावर येऊन बसतो.

घर सासऱ्यांनी बांधलेले. पुढच्या खोलीला दगडी भिंती आणि फार उंचावर पत्रे. ते उघडे पत्रे त्यांच्या डोळ्यांना खुपत, म्हणून पुढे केव्हातरी त्यांनी बऱ्याच खाली तुळया टाकून सागवानी फळ्यांचे छत करून घेतले. खोली ठेंगणी झाली, पण देखणी झाली. दिवेलागणीला त्या फळ्यांवर मधासारखा उजेड साकळे. वर मात्र पत्रे आणि फळ्या यांच्यामध्ये, माणसाला वाकून फिरता येईल एवढी अंधारी पोकळी राहिली. दिवसभर ती पोकळी ऊन पीत राही आणि तीन वाजल्यानंतर प्यालेले सारे आमच्यावर ओतू लागे. लग्न होऊन आले तेव्हापासून हे मला ठाऊक होते. पण तेव्हा दुपारी मी शाळेत असे, हे दवाखान्यात असत. घराच्या दुपारी घरालाच सोसाव्या लागत.

दोन वर्षांपूर्वीच्या पौषात यांना अर्धांगवायूचा झटका आला. हे म्हणजे माझे यजमान. सारी नोकरी त्यांनी तालुक्यातल्या गुरांच्या दवाखान्यांत केली. गावोगाव, रानोमाळ हिंडून जनावरांना सुया टोचल्या, अडलेल्या गायी सोडवल्या. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. पुष्कळ उपचारांनंतर तीन शब्द परतले: ‘हो’, ‘नको’ आणि ‘असू दे’. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. एका शब्दाच्या दहा अर्थच्छटा फळ्यावर लिहून देणारी. त्या तीन शब्दांवर आमचा संसार चालू लागला, आणि मला वाटे, तो मी फार समजुतीने चालवते आहे.

त्यांचा पलंग पुढच्या खोलीतच ठेवावा लागला, कारण आतल्या खोल्या अरुंद आणि कोंदट. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची दैना झाली. कूलरची दमट हवा छातीला सोसेना, खोकल्याची उबळ थांबेना. पंखा वरचीच तापलेली हवा खाली ढकलीत राही. पाठ घामाने चिकटे, कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागे, आणि दुपारची झोप म्हणजे डोळे उघडे ठेवून फळ्यांच्या सांध्यांकडे पाहत राहणे. दुसरा उन्हाळा जवळ येऊ लागला तशी मी धास्तावले. रशीदमिस्त्रींना बोलावले. ते आमच्या घराची दारे-खिडक्या वर्षानुवर्षे दुरुस्त करणारे सुतार. शिडी लावून, पोकळीत डोके घालून त्यांनी पाहिले आणि कपाळ पुसत खाली उतरले.

“बाई, फळ्या एक नंबर हायत. पर वर हवा तापून बसायलीय. फळ्यांवर कायतरी जाड अंथरल्याबिगर न्हाई जमायचं.”

नेमक्या त्याच वेळी कोंडाबाई उंबऱ्यावर बसलेली होती. मेंढरे घेऊन फिरणाऱ्यांपैकी ती; साठीकडे झुकलेली, हनुवटीवर गोंदण, उन्हाने रापून तांब्याच्या भांड्यासारखा झालेला चेहरा. फार वर्षांपूर्वी एका श्रावणात त्यांच्या कळपात रोग शिरला होता आणि मेंढरे पटापट मान टाकत होती, तेव्हा हे चार दिवस त्यांच्या तळावर मुक्काम करून राहिले होते. निम्म्याहून अधिक कळप वाचला. तेव्हापासून बाजाराला आली की ती ‘सायेबां’ना भेटल्यावाचून जात नसे. हे आजारी पडल्यावर तर येऊन पलंगाशी बसे, आणि कोणती मेंढी व्याली, कोणती लंगडते आहे, कुठल्या रानात चारा राहिला आहे, हे सगळे त्यांना इतक्या बारकाईने सांगे, जणू ते उद्याच उठून पिशवी घेऊन निघणार आहेत. हे ‘हो’ म्हणत. त्यांचा तो ‘हो’ इतरांशी बोलतानाच्या ‘हो’पेक्षा निराळा असे.

रशीदमिस्त्रींचे ऐकून ती म्हणाली, “अवं बाई, मंग आमची लोकर काय वाईट हाय? मेंढरू दिसभर उनात हुबं ऱ्हातंय, करपतंय का?”

मिस्त्री हसले, मग हसायचे थांबून विचारात पडले. “बात खरी हाय,” ते म्हणाले.

“लोकरीला आता कोन इचारतंय?” कोंडाबाई म्हणाली. “भादरली की बांधावर टाकून द्यायलोत. सायेबाच्या कामी आली तर मेंढरांचं सोनं व्हईल.”

मी काही देऊ केले असते तर तिने ते घेतले नसते, हे मला ठाऊक होते. मी ‘आण’ म्हटले. म्हणताना मला कृतज्ञतेने भरून आले होते, हेही खरे. पुढे जे घडले त्यामुळे ही कृतज्ञता खोटी ठरत नाही. पण ती किती पातळ होती, एवढे मात्र ठरते.

दहा-बारा दिवसांनी तिचा नवरा मालाच्या टेम्पोतून पाच पोती घेऊन आला. मागोमाग ती. लोकर करपरा नदीच्या पाण्यात रिठ्यांनी धुतलेली होती, खडकांवर वाळवलेली होती; तिच्यात गुंतलेले गोखरूचे काटे तिने आणि तिच्या सुनेने एकेक करून वेचले होते. तिच्या बोटांच्या पेरांवर त्यांच्या बारीक, काळ्या खुणा उमटल्या होत्या. काळी, करडी, मळकट पांढरी, अशा रंगांची ती लोकर पोत्यातून बाहेर काढली तेव्हा एखादे सावळे आभाळ अंगणात उतरल्यासारखे वाटले. रशीदमिस्त्रींनी पोकळी झाडून काढली. पारव्यांची घाण, वाळक्या काड्या, गांधीलमाश्यांचे जुने पोळे असे कितीतरी. मग फळ्यांवर माझ्या जुन्या सुती साड्या पसरल्या, त्यांवर वीतभर जाडीची लोकर, मधूनमधून कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या. दिवस मावळायच्या आत काम झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघर आवरून बाहेर आले तर हे झोपलेले होते. चार वाजेपर्यंत झोपले. खोली थंड झाली होती असे मी म्हणणार नाही. पण वरून उतरणारे ते ओझे नाहीसे झाले होते. आणखी एक झाले होते, जे माझ्या उशिरा ध्यानात आले. उन्हाने पत्रे ताणले जाऊन होणारी कडकड, त्यांवरून चालणाऱ्या पारव्यांच्या नखांची खरखर, हे सारे आवाज त्या लोकरीत बुडून गेले होते. खोलीत अशी शांतता होती की त्यांचा श्वास ऐकू येत होता.

आणि वास होता.

पहिल्या दिवशी तो पुसट होता, कडुनिंबाखाली दडलेला. ऊन वाढले तसा तो जागा होत गेला. ओल्या मातीचा, लेंड्यांचा, तेलकट उबेचा, जिवंत जनावराचा वास. संध्याकाळी दार उघडताच तो सामोरा येई. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षांत हे खेड्यांतून परतत तेव्हा त्यांच्या कपड्यांना हाच वास असे. मी त्यांना मागच्या दारी आंघोळ करायला लावी, आणि मगच घरात घेई. ते कधी तक्रार करीत नसत. आता तोच वास छतातून उतरू लागला तेव्हा ते नाकपुड्या फुलवून तो ओढून घेत आणि त्यांचा चेहरा सैल होई. मी एकदा विचारले, “फार येतोय ना वास?” ते म्हणाले, “असू दे.” मी सोयीने त्याचा अर्थ लावला की ते सोसत आहेत.

चैत्रात माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी, चार जणी, यांना भेटायला आल्या. मी कैरीचे पन्हे केले होते, आंब्याची डाळ वाटली होती, पलंगपोस बदलला होता. त्या बसल्या, आणि क्षणभरातच त्यांच्यापैकी एकीने पदर नाकाशी नेला. फार सभ्यपणे, खोकल्याचे निमित्त करून. दुसरीने तिच्याकडे पाहिले. ज्या आमच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि ज्यांच्या मताची भीती मला निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, त्या वर पाहत म्हणाल्या, “अहो, वर काही मेलंय का? उंदीर-बिंदीर?”

सांगता आले असते. एका वाक्याचे काम होते: ही मेंढ्यांची लोकर आहे, यांच्या एका जुन्या स्नेह्यांनी मायेने आणून दिली आहे, आणि तिच्यामुळे हे दुपारी झोपू लागले आहेत. माझ्या जिभेवर ते वाक्य आलेही असावे. पण त्या चार जणींच्या कडक इस्त्रीच्या साड्या, त्यांच्या अंगाचा अत्तराचा मंद गंध, आणि मध्येच माझे घर, ज्याला धनगरवाड्यासारखा वास येतो आहे, हे सगळे एका क्षणात माझ्यासमोर उभे राहिले, आणि मी म्हणाले, “हो, उंदीरच असावा. काढायला सांगितलंय.”

हे पलंगावर होते. त्यांना वाचा नव्हती, कान होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. पन्ह्याचे पेले भरू लागले.

‘काढायला सांगितलंय’ हे दुसरे खोटे होते. ते खरे करण्यासाठी मी दुसऱ्याच दिवशी रशीदमिस्त्रींना फोन केला. परभणीहून चंदेरी कागद डकवलेले थर्माकोलचे तक्ते मागवले. मिस्त्री म्हणाले, “बाई, कामून काढायलाव? चांगलं चाललंय की.” मी म्हणाले, कसर लागते आहे. तिसरे खोटे. एकदा वाट सापडली की खोटे किती सहज चालते, याचा मला अनुभव नव्हता. वर्गात मी मुलांना सत्यावर निबंध लिहायला देत असे.

मिस्त्री शिडीवर चढले. वरून लोकरीचे पुंजके दोरीने खाली येऊ लागले तशी खोलीत धूळ आणि तंतू तरंगू लागले. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात ते तंतू सोनेरी दिसत होते. हे पाहत होते. मग त्यांनी डावा हात उचलला.

“नको,” ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, अधिक जोराने, तोंड वाकडे करून, “नको. नको.”

मिस्त्री वरच थांबले. “बाई, सायेब काय म्हनायलेत?”

मी म्हणाले, “धूळ नको म्हणतायत. लवकर आटपा.”

या वाक्यापाशी मी आजवर कितीदा परत येऊन उभी राहिले आहे. त्या क्षणी मला त्यांच्या शब्दाचा अर्थ कळला नव्हता, असे स्वतःला पटवण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. तो टिकत नाही. मला अर्थ स्पष्ट कळला होता. ज्या माणसाकडे उरले होते तीनच शब्द, त्यांतला एक मी त्याच्या तोंडातून काढून घेतला, उलटा केला आणि त्याच्याच नावाने दुसऱ्याला दिला. त्यांनी हात खाली घेतला. दुसऱ्या बाजूला मान वळवणे त्यांना जमत नाही. नाहीतर त्यांनी ती वळवली असती.

लोकर पुन्हा त्याच पोत्यांत भरून मागच्या अंगणात, पडवीच्या कडेला ठेवली. उशा भरायला कुणाला तरी देऊ, असे मनाशी म्हटले. घराचा वास गेला. लोकरीच्या जागी चंदेरी तक्ते बसले; खालून तक्तपोशी पूर्वीसारखीच देखणी दिसत राहिली. उष्मा बराच अडला. पण पत्रे तडकले की तक्ते करकरत, पारवे चालले की नखे वाजत, आणि हे दर वेळी दचकून डोळे उघडत.

वैशाखातल्या एका दुपारी कोंडाबाई आली. ऊन इतके होते की रस्त्यावर कुत्रेही नव्हते. आत येताच ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, वर पाहिले, आणि तिचा सारा चेहरा उजळला.

“गार लागायलंय की ओ बाई!” ती म्हणाली. मग पलंगाशी जाऊन तिने यांच्या कपाळावर तळहात ठेवला. “घाम न्हाई. सायेब, बगा, आपल्या मेंढरांनी पांघरून घातलं तुमाला.”

हे तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर माझ्याकडे आली. त्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते. ते फक्त वाट पाहत होते. सांगायचे काम माझे होते आणि ते मी करीन, अशी अजूनही थोडी आशा त्या डोळ्यांत असावी. मी म्हणाले, “चहा टाकते.”

मी आत गेले. कोंडाबाई तोंड-पाय धुवायला मागच्या हौदाकडे गेली. चहाचे आधण उकळत होते आणि एकाएकी मला पोत्यांची आठवण झाली. हातातला चिमटा तसाच राहिला. मागच्या दारातून पाहिले तर ती पडवीच्या कडेला उभी होती. पोत्यांची तोंडे मिस्त्रींनी तिच्याच सुतळीने बांधली होती, तिने वळलेल्या बकरीच्या केसांच्या काळ्या सुतळीने. तिने एका गाठीवरून बोट फिरवले. पोत्याला नाक लावले. पुष्कळ वेळ तशीच उभी राहिली. मग वळून हौदावर गेली आणि पाय धुऊ लागली, आधी एक, मग दुसरा, अगदी सावकाश.

चहा तिने उंबऱ्यावर बसून घेतला. मी समोर बसले. मला वाटत होते की ती काही बोलेल, आणि मला वाटत होते की ती काही बोलू नये.

“वास यायलता का?” तिने विचारले.

मी होकारार्थी मान हलवली.

“आदी सांगायचं की बाई. आनिक एकदा धुतली असती.”

एवढेच. आवाजात टोचणी नव्हती. काम नीट झाले नाही, याची खंत होती, आणि ती खंत तिची स्वतःबद्दलची होती. मी तिला थांबवून म्हणायला हवे होते की दोष तुझ्या धुण्यात नव्हता. मी बशीकडे पाहत राहिले. तिने कप उपडा घातला आणि उठली.

“उघड्यावर पडली तर कुजून जाईल. आज एक पोतं नेते. बाकीची मालक येऊन नेतील.” मग पोत्याशी जाऊन तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. “जरा हात लावा.”

मी एका बाजूने पोते धरले, तिने दुसऱ्या बाजूने. ते इतके हलके होते की उचलताना माझा तोल गेला. तिने ते डोक्यावर नीट बसवले, खोलीत डोकावून “येते सायेब,” म्हणाली, आणि त्या उन्हात पाठमोरी चालू लागली. माझ्या दारातून तिची भेट तिच्याच डोक्यावर चढवून मी तिला परत पाठवत होते, आणि गल्लीतल्या दोन-तीन खिडक्या त्या वेळी उघड्या होत्या. मला पहिला विचार आला तो त्या खिडक्यांचा. हे लिहायला नको वाटते, पण तसेच झाले.

तिसऱ्या दिवशी तिचा नवरा येऊन उरलेली पोती घेऊन गेला. “रामराम” एवढेच बोलला.

आठ दिवस मी स्वतःशी भांडत काढले. नवव्या दिवशी शेजारच्या मुलीला यांच्याजवळ बसवले, कोंडाबाईला फोन करून तळ कुठे आहे ते विचारले आणि बोरी गावाच्या रस्त्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. कापूस निघून गेलेली काळी राने भेगाळून पडली होती. ओढ्याकाठच्या कडुनिंबाच्या सावलीत मेंढरे एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती, आणि तो वास, जो मी उंदराचा म्हणून सांगितला होता, तो इथे वाऱ्यावर मोकळा होता आणि कुणाला त्याचे काही वाटत नव्हते. कोंडाबाईने घोंगडे झटकून अंथरले, पाणी दिले, गूळ दिला. मला पाहून तिला आश्चर्य वाटले. नाराजी दिसली नाही.

मी सांगायला सुरुवात केली. बायका आल्या होत्या, त्यांनी विचारले, मी काय उत्तर दिले. मी सगळे तोंडपाठ करून आले होते, आणि शेवटी ‘मला माफ कर’ असे म्हणायचे ठरवले होते. पण उंदरापाशी आले तशी कोंडाबाई एकदम हसू लागली.

“उंदीर म्हनलात व्हय!” ती म्हणाली, आणि इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. “अगं बया, पाच पोत्यांचा उंदीर!”

मला हसता येईना. ती हसायची थांबली तेव्हा तिचे डोळे ओले होते. त्यांत हसण्याचे पाणी किती आणि दुसरे किती, ते मला कळले नाही. मग तिला काहीतरी सुचल्यासारखे झाले.

“सायेब तितंच व्हते?”

“होते.”

“त्यांनी ऐकलं?”

“ऐकलं. आणि लोकर काढताना नको म्हणाले. मी मिस्त्रींना भलतंच सांगितलं.”

हे मी सांगायचे ठरवले नव्हते. ते कसे बाहेर पडले कुणास ठाऊक. जवळच एक कोकरू आईला ढुशा देत होते. कोंडाबाईने हात पुढे करून त्याला नीट आचळाला लावले.

“मंग हिकडं कामून आलाव बाई?” ती म्हणाली. “मपलं काय, लोकर हाय, परत आली. माफी तिकडं मागायची.”

परतीच्या जीपमध्ये मी खिडकीशी बसले होते. मावळतीकडे कललेले ऊन रानांवर आडवे पसरले होते, आणि मला वाटत होते की या बाईसमोर शरमिंदी होणे मी निवडले, कारण ते सोपे होते. तिच्याकडे जाऊन मान खाली घालायची, तिने मोठ्या मनाने सोडून द्यायचे, आणि मी हलकी होऊन घरी यायचे. इतक्या लांब आले ते जवळच्या पलंगापासून दूर पळत. दीड वर्ष त्यांचे खाणेपिणे, औषधे, अंथरूण-पांघरूण सगळे मी केले. ते इतके केले की त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क मला आपोआप मिळाला आहे, असे मी धरून चालले. कितीदा असे झाले असेल? लोकरीची गोष्ट निदान मला ठाऊक आहे. पाहुण्यांना, डॉक्टरांना, पुण्याहून फोन करणाऱ्या मुलाला मी ‘हे म्हणतात’ अशी सुरुवात करून जे जे सांगितले, त्यांतले त्यांचे किती आणि माझे किती, याचा आता थांग लागणार नव्हता.

घरी पोचले तेव्हा हे जागे होते. शेजारच्या मुलीला निरोप दिला, हातपाय धुतले, आणि पलंगाशी बसून सांगितले. कोंडाबाईकडे काय झाले ते सांगणे भराभर झाले. स्वतःचे सांगताना वाक्ये तुटू लागली. मी म्हणाले, “तुम्ही नको म्हणालात ते मला कळलं होतं.” व्याकरण शिकवण्यात आयुष्य गेले आणि पुढचे क्रियापद सापडेना.

ते माझ्याकडे पाहत होते. वर पत्र्यावर पारवा चालला, तक्ता करकरला.

“पुन्हा लोकर घालून घेऊ?” मी विचारले. “उद्याच मिस्त्रींना बोलावते. कोंडाबाई नाही म्हणणार नाही. कुणी काही म्हणो.”

त्यांनी वर फळ्यांकडे पाहिले. मग म्हणाले, “नको.”

माझ्या मनात लगेच चार अर्थ उभे राहिले. कोंडाबाईला पुन्हा त्रास नको. मला त्रास नको. आता त्याचे काही वाटत नाही. किंवा तुझ्या हातून आता काही नको. त्यांतले पहिले तीन मला सोयीचे होते, आणि सवयीने मी त्यांतला एक उचलणार होते.

“का?” मी विचारले.

दीड वर्षात हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता, कारण त्याचे उत्तर तीन शब्दांत बसत नाही. त्यांचे ओठ हलले. डावा हात चादरीवर काहीतरी शोधू लागला. बाहेर उन्हे उतरली होती, स्वयंपाकाची वेळ झाली होती. मी खुर्ची आणखी जवळ ओढली आणि बसून राहिले.